‘ऑफ’ कुठे जातो? : इंग्रजी गौणवाक्यांचे एक दुर्लक्षित प्रकरण

इंग्रजीत ‘अवेअर’ या शब्दामागून ‘ऑफ’ येतो, हे शाळेत पाठ केलेले असते. ‘आय वॉज अवेअर ऑफ द डेंजर’, म्हणजे मला धोक्याची कल्पना होती. आता धोक्याच्या जागी एक सबंध वाक्य ठेवून पाहा. तो निघून गेल्याची मला कल्पना होती : ‘आय वॉज अवेअर दॅट ही हॅड लेफ्ट.’ इथला ‘ऑफ’ नाहीसा झाला. ‘अवेअर ऑफ दॅट ही हॅड लेफ्ट’ असे कोणी लिहिले, तर लाल शाई ठरलेली. पण तेच वाक्य जरा फिरवून म्हणा : ‘व्हॉट आय वॉज नॉट अवेअर ऑफ वॉज दॅट ही हॅड लेफ्ट.’ मला जी कल्पना नव्हती, ती तो गेल्याची. आणि ‘ऑफ’ आपल्या जागेवर हजर!

म्हणजे तो गेलेला नव्हता. ‘दॅट’ समोर आला म्हणून आड उभा राहिला होता.

मी भाषाशास्त्र शिकलेलो नाही. भाषांतराची आणि मुद्रितशोधनाची कामे करून पोट भरले आणि त्या कामात जे अडले, ते सोडवण्यासाठी व्याकरणाची पुस्तके जमवत गेलो. इंग्रजीतून मराठीत येताना शब्द फारसे अडत नाहीत, त्यासाठी कोश असतात. अडतात ते सांधे. एका वाक्याच्या पोटात दुसरे वाक्य बसवताना क्रियापद, नाम आणि प्रिपोझिशन ही तिघे एकमेकांशी कशी वागतात, हा तो सांधा. आपल्याकडच्या पुस्तकांनी तो नीट दाखवलेला नाही, अशी माझी तक्रार आहे.

या बाबतीत आपल्याकडे ‘पुस्तक’ म्हणजे रेन आणि मार्टिन. १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे व्याकरण अजून दुकानांत मिळते. त्यातला रेन मोठा गमतीचा माणूस. मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात नोकरी केलेला, आणि ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच परदेशी पलटणीवरची साहसकथा लिहून १९२४ साली गाजलेला. त्याच्या व्याकरणात साहस मात्र नाही. गौणवाक्ये तीन : नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य. मराठी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांतही हीच त्रयी आपण गिरवतो. वाक्य कोणत्या जागी बसले आहे ते बघायचे आणि चिठ्ठी लावायची. नामवाक्याच्या पाच-सहा जागा सांगितल्या आहेत, त्यांत ‘प्रिपोझिशनचे कर्म’ हीसुद्धा एक आहे. त्याखालची उदाहरणे मात्र मुख्यतः ‘व्हॉट’ने सुरू होणाऱ्या वाक्यांची, आणि ‘एक्सेप्ट दॅट’सारखा एखादा अपवाद. ‘दॅट’चे वाक्य सहसा प्रिपोझिशननंतर बसत नाही, हे त्यावरून विद्यार्थ्याने स्वतःच ओळखायचे.

त्याच पुस्तकात दुसरीकडे एक लांबलचक यादी आहे. कोणत्या नामानंतर, कोणत्या विशेषणानंतर, कोणत्या क्रियापदानंतर कोणते प्रिपोझिशन येते, याची. कित्येक पिढ्यांनी ती घोकली. या यादीचा गौणवाक्यांच्या प्रकरणाशी काही संबंध असेल, अशी शंकाही येऊ नये अशा अंतरावर ती ठेवलेली आहे. वास्तविक दोन्ही प्रकरणे एकच आहेत. ‘अवेअर’ला काय लागते, या एका प्रश्नाची तीन उत्तरे : नाम असेल तर ‘ऑफ’ घालून, ‘दॅट’चे वाक्य असेल तर ‘ऑफ’ गाळून, ‘व्हॉट’चे वाक्य असेल तर ‘ऑफ’ ठेवून चालेल. तीनही उत्तरे त्या शब्दाच्या नावाखाली एकत्र सांगायची, तर ती दोन प्रकरणांत वाटली गेली.

आपल्या परंपरेत यासाठी फार नेमका शब्द आहे : आकांक्षा. वाक्याचा अर्थ कसा लागतो याचा विचार करताना मीमांसकांनी आणि नैयायिकांनी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी अशा अटी सांगितल्या. एक शब्द उच्चारला की त्याला पुढे कशाची तरी ओढ राहते. ‘आण’ म्हटले की काय आणू, हा प्रश्न उरतो. मी हा शब्द थोडा ओढूनताणून वापरतो आहे याची मला जाणीव आहे. पण इंग्रजी शब्दांच्या बाबतीत निव्वळ ‘कशाची’ ओढ एवढे विचारून भागत नाही, ‘कोणत्या रूपात’ हेही विचारावे लागते. ‘सक्सीड’ आणि ‘फेल’ या दोन क्रियापदांना एकाच गोष्टीची ओढ असते, केलेल्या कामाची. तरी यशस्वी झालेला ‘सक्सीडेड इन पासिंग’ आणि नापास झालेला ‘फेल्ड टू पास’. नामे केली तरी तेच : ‘सक्सेस इन पासिंग’, ‘फेल्युअर टू पास’. अर्थावरून यातले काहीही ओळखता येत नाही. हा ज्या त्या शब्दाचा स्वभाव.

क्रियापदाचे नाम झाले की त्याच्या आकांक्षेचे काय होते, हा या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. क्रियापदाला साधे कर्म चालते : ‘दे अटॅक्ड द फोर्ट’, त्यांनी किल्ल्यावर हल्ला केला. ‘अटॅक’ हेच नाम केले की मध्ये प्रिपोझिशन हवे : ‘देअर अटॅक ऑन द फोर्ट’. ‘आन्सर द क्वेश्चन’ पण ‘आन्सर टू द क्वेश्चन’. ‘एंटर द रूम’ पण ‘एंट्री इंटू द रूम’. ‘रिस्पेक्ट हिम’ पण ‘रिस्पेक्ट फॉर हिम’. इंग्रजी नामाला दुसरे नाम थेट कर्म म्हणून घेता येत नाही, सांधणारा कोणीतरी लागतो. हे इंग्रजीचेच वैशिष्ट्य आहे असेही नाही. पाणिनीने कृत् प्रत्यय लागलेल्या शब्दाच्या कर्त्याला आणि कर्माला षष्ठी सांगितली आहे. आपणही ‘पुस्तक वाचतो’, पण ‘पुस्तकाचे वाचन’ करतो. इंग्रजीने षष्ठीचे काम ‘ऑफ’कडे दिले आणि काही ठिकाणी ‘ऑन’, ‘टू’, ‘फॉर’ यांनाही वाटून दिले, इतकेच.

इथे एक प्रश्न मला अनेक वर्षे छळत होता. आपल्याकडची माणसे ‘डिस्कस अबाउट’ का म्हणतात? ‘एम्फसाइज ऑन’ का लिहितात? ‘डिमांड फॉर’ हे क्रियापद म्हणून का वापरतात? मुलाखतीत हे ऐकले की पलीकडच्या खुर्चीतल्या माणसाच्या ओठांवर हसू येते, आणि मराठी माध्यमातल्या मुलाचे इंग्रजी ‘कच्चे’ असल्याचा तो पुरावा ठरतो. माझे म्हणणे असे की हा निष्काळजीपणा नाही, यात पद्धत आहे. मराठीत आपण पुष्कळदा नाम आणि ‘करणे’ किंवा ‘देणे’ मिळून क्रियापदाचे काम भागवतो : चर्चा करणे, हल्ला करणे, भर देणे, मागणी करणे. यात आकांक्षा नामाची असते. शिक्षणाविषयी चर्चा, किल्ल्यावर हल्ला, शिस्तीवर भर. आता इंग्रजीतही ‘डिस्कशन अबाउट’, ‘अटॅक ऑन’, ‘एम्फसिस ऑन’ ही नामे अगदी बरोबर आहेत. मुलाने नामाचे व्याकरण पक्के केलेले असते. ते तो क्रियापदाला लावतो, कारण त्याच्या मायबोलीत त्या जागी नामच असते. ज्याला हे हसण्याजोगे वाटते, त्याने ‘रिस्पेक्ट’ हे क्रियापद ‘फॉर’ घेत नाही आणि नाम घेते, असे का, याचे उत्तर आधी द्यावे.

आता नामाच्या पोटातल्या वाक्याकडे येऊ. ‘द न्यूज दॅट ही ब्रॉट’ आणि ‘द न्यूज दॅट ही हॅड डाइड’. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात. पहिल्यात ‘दॅट’ काढून ‘विच’ घालता येते, दुसऱ्यात येत नाही. पहिले विशेषणवाक्य, दुसरे समानाधिकरण नामवाक्य, असे रेन आणि मार्टिन सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण मराठी मुलाला एवढे विश्लेषण करायची गरजच नाही, त्याच्या तोंडात कसोटी तयार आहे. ‘त्याने आणलेली बातमी’ आणि ‘तो वारल्याची बातमी’. एकीकडे ‘-लेली’, बातमीच्या लिंगाप्रमाणे वळणारे. दुसरीकडे ‘-ल्याची’, षष्ठी. ‘तो वारलेली बातमी’ असे आपल्याकडचे तीन वर्षांचे पोरही म्हणणार नाही. जो भेद इंग्रजीने एकाच ‘दॅट’खाली झाकला, तो मराठीने प्रत्ययात उघडा ठेवला. पृथक्करण शिकवणाऱ्या एकाही पुस्तकाने या कसोटीचा वापर केलेला माझ्या पाहण्यात नाही. इंग्रजीच्या तासाला मराठी आणायची नाही, हे व्रत आपण फार निष्ठेने पाळले.

क्रियापदाच्या पोटातले वाक्य नामातही जसेच्या तसे येते का? कधी येते, कधी नाही. ‘डिसाइड टू गो’, ‘डिसिजन टू गो’ हे चालते. ‘रिफ्यूज टू गो’चे ‘रिफ्यूजल टू गो’ होते. पण ‘अपिअर टू बी हॅपी’वरून ‘अपिअरन्स टू बी हॅपी’ करता येत नाही. नोम चॉम्स्की यांनी नामीकरणावर लिहिलेल्या आणि १९७० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात विशेषणांची एक जोडी आहे, ती या विषयात प्रसिद्ध आहे. ‘ईगर टू प्लीज’वरून ‘ईगरनेस टू प्लीज’ होते, ‘ईझी टू प्लीज’वरून ‘ईझीनेस टू प्लीज’ होत नाही. त्यावरून त्यांनी असे नाम म्हणजे केवळ वाक्याचे रूपांतर नव्हे, त्याची स्वतःची नोंद मनातल्या कोशात असते, असा निष्कर्ष काढला. तो निबंध मी पुरता पचवला असा दावा नाही. पण कोशाचे काम केलेल्या माणसाला तो निष्कर्ष ऐकून बरे वाटते. व्याकरणाचे नियम जिथे थकतात, तिथे कोश सुरू होतो.

मग प्रिपोझिशनला ‘दॅट’चे वावडे का? ‘दॅट’ मुळात दर्शक सर्वनाम, ‘ते’. जुन्या इंग्रजीत त्याचे हळूहळू उभयान्वयी अव्यय झाले. एके काळी वावडे नव्हतेही. १६११च्या बायबलच्या भाषांतरात ‘आफ्टर दॅट’, ‘फॉर दॅट’ असे प्रयोग वाक्य जोडण्यासाठी आढळतात आणि चॉसरच्या काळात ‘जेव्हा’साठी ‘व्हॅन दॅट’ ही जोडी सर्रास होती. पुढे ‘दॅट’ गळाला आणि उरले नुसते ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘सिन्स’. आज ‘इन दॅट’, ‘एक्सेप्ट दॅट’ असे मोजके अवशेष राहिले आहेत.

‘बिकॉज’चा इतिहास तर आपल्याला घरचाच वाटावा. ‘बाय’ आणि ‘कॉज’ मिळून तो शब्द झाला. म्हणजे ‘कारण’ हे नाम त्याच्या पोटात आहे. म्हणून नामाशी जोडताना अजूनही ‘बिकॉज ऑफ द रेन’ म्हणावे लागते, आणि वाक्याशी जोडताना ‘बिकॉज इट रेन्ड’. पुन्हा तोच ‘ऑफ’, तशाच रीतीने आड होणारा! आपल्या ‘कारण’चेही असेच. नाम ते नाम आणि वाक्ये जोडायलाही तेच. ‘पावसामुळे’ म्हणताना तर आपण पावसाला अक्षरशः मूळ ठरवतो.

‘आफ्टर’, ‘बिफोर’ यांच्याविषयी डॅनिश पंडित ऑटो येस्पर्सन यांनी १९२४च्या आपल्या ‘फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’मध्ये जो मुद्दा मांडला, तो वाचल्यावर मी तो दिवस दुसरे काही वाचू शकलो नाही. ‘आफ्टर डिनर’मध्ये ‘आफ्टर’ प्रिपोझिशन, ‘आफ्टर ही लेफ्ट’मध्ये उभयान्वयी अव्यय, ‘सून आफ्टर’मध्ये क्रियाविशेषण. एकाच शब्दाच्या तीन जाती! पण क्रियापदाला आपण असा न्याय लावतो का? ‘मला ठाऊक आहे’, ‘मला त्याचा पत्ता ठाऊक आहे’, ‘तो गेला हे मला ठाऊक आहे’. इंग्रजी ‘नो’ हे क्रियापद तिन्ही ठिकाणी क्रियापदच राहते. फरक त्याच्या पुढे काय आले याचा, त्याच्या जातीचा नव्हे. मग ‘आफ्टर’ची जात बदलायची कशाला? हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२च्या केंब्रिज व्याकरणाने हा विचार शेवटापर्यंत नेला आणि ‘बिकॉज’, ‘इफ’ यांनाही प्रिपोझिशनांत बसवले. ‘इफ’पाशी माझे मन जरा कचरते, कारण त्याच्यापुढे साधे नाम कधीच येत नाही. येस्पर्सन यांच्या मर्यादेपर्यंत मात्र मी बिनतक्रार बरोबर आहे.

आणि आता जिथे हा सगळा किस काढण्याचे सार्थक होते, तिकडे वळतो.

इंग्रजी प्रिपोझिशननंतर ‘दॅट’ चालत नाही, म्हणून लिहिणाऱ्यापुढे अडचण उभी राहते. ‘ते सर्व पाऊस पडला यावर अवलंबून होते’ हे आपण सहज म्हणतो, कारण आपल्याला ‘या’ मिळतो. वाक्य संपवायचे, त्याला ‘या’ म्हणायचे आणि ‘या’ला ‘वर’ जोडायचे. ‘याची कल्पना’, ‘याला विरोध’, ‘याबद्दल तक्रार’. इंग्रजीतही ही सोय क्वचित दिसते, ‘सी टू इट दॅट’मधला ‘इट’ म्हणजे आपला ‘या’च. पण ती सगळीकडे चालत नाही. म्हणून इंग्रजी लेखक एक नाम मध्ये उभे करतो आणि बहुतेक वेळा ते नाम असते ‘फॅक्ट’. ‘ऑन द फॅक्ट दॅट’, ‘अबाउट द फॅक्ट दॅट’, ‘टू द फॅक्ट दॅट’. पुष्कळदा त्यात ‘वस्तुस्थिती’ असे काही अभिप्रेत नसते. प्रिपोझिशन आणि ‘दॅट’ यांच्यामध्ये टाकलेली ती फळी असते.

पण शब्द आपला अर्थ सोडत नाही. पॉल आणि कॅरल किपार्स्की यांनी ‘फॅक्ट’ याच नावाचा एक निबंध १९७० साली प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवले की काही क्रियापदे पोटातले वाक्य खरे धरूनच चालतात. ‘रिग्रेट’ म्हणजे पस्तावणे : केलेच नसेल तर पस्तावणार कशाला? या क्रियापदांपुढे ‘द फॅक्ट दॅट’ चालते. ‘बिलीव्ह’, ‘क्लेम’ यांच्यापुढे चालत नाही. समजणे किंवा दावा करणे यात खरेपणाची हमी नाही. (पॉल किपार्स्की यांचे पाणिनीवरचे पुस्तक पुण्याच्या डॉ. शि. द. जोशी यांनी संपादित केले होते, ही आपल्याला अभिमान वाटावी अशी गोष्ट.)

आता माझ्यासारख्या भाषांतरकारापुढे एखादे वाक्य येते : अर्जदाराने ‘कंप्लेन्ड अबाउट द फॅक्ट दॅट द पोलीस वेअर बायस्ड’. घाईत मराठी होते, ‘पोलीस पक्षपाती होते या वस्तुस्थितीबद्दल अर्जदाराने तक्रार केली’. झाले! जो आरोप होता, तो वस्तुस्थिती झाला, आणि तोही इंग्रजीतल्या ‘अबाउट’ला ‘दॅट’ सोसत नाही एवढ्या कारणाने. सावध इंग्रजी लेखक अशा ठिकाणी नुसते ‘कंप्लेन्ड दॅट’ लिहितो. सावध मराठी भाषांतरकाराने ‘पोलीस पक्षपात करतात, अशी तक्रार केली’ म्हणावे. उलट मूळ लेखकाला खरोखरच वस्तुस्थिती म्हणायची असेल, तर ‘अशी’ म्हणून आपण त्याच्या निश्चयाला पाणी लावतो. कोणते ‘फॅक्ट’ खरे आणि कोणते फळी, हे कोश सांगत नाही. त्या क्रियापदाला, नामाला आणि प्रिपोझिशनला समोर बसवूनच विचारावे लागते.

आपल्याकडचा धोका वेगळ्या बाजूने येतो. ‘-ल्याचे’, ‘-ल्याचा’ हे आपले अत्यंत सोयीचे प्रत्यय खऱ्याखोट्यात भेद करत नाहीत. ‘लाच घेतल्याचे उघड’, ‘लाच घेतल्याचा आरोप’, ‘लाच घेतल्याचा इन्कार’. निवाडा करणारा शब्द शेवटी येतो. इंग्रजीत ‘अलेज्ड दॅट’ आधी येते आणि लाच नंतर. मराठी वाचक ‘अमुक यांनी लाच घेतल्याचा’ इथपर्यंत पोचतो, तेव्हा त्या गृहस्थाला अर्धी शिक्षा झालेली असते. वर्तमानपत्रांनी मथळा लिहिताना निदान आरोप करणारा कोण, हे वाक्याच्या तोंडाशी आणावे, अशी माझी सूचना आहे.

हे सर्व शिकवायचे कसे, याचे उत्तर फार पूर्वी, आणि तेही आशियातच, शोधले गेले होते. हॅरल्ड पामर यांनी १९२३ साली टोकियोत इंग्रजी अध्यापनासाठी संशोधनसंस्था काढली. तिथे प्रत्येक शब्द कोणत्या साच्यात बसतो, याची छाननी सुरू झाली. पामर यांनी १९३८ साली सुमारे हजार शब्दांचे, शब्दवार व्याकरण काढले. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांच्या कोशात क्रियापदांचे पंचवीस साचे क्रमांकाने दिले होते. हा कोश १९४२ साली, युद्ध पेटलेले असताना, टोकियोत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा काढला. त्याच्याच पुढच्या आवृत्त्या आज आपल्या घराघरांत आहेत. ‘सजेस्ट’ काढून पाहिले की त्याला ‘दॅट’ चालते, ‘मी टू गो’ चालत नाही, हे तिथेच दिसते. आपण त्या कोशात अर्थ पाहतो आणि साच्यांच्या खुणांवरून नजर तशीच पुढे सरकवतो.

मराठीचे काय? मोल्सवर्थने आपल्या कोशात नामाबरोबर कोणते क्रियापद येते, हे ठिकठिकाणी नोंदवून ठेवले. दुसरी आवृत्ती १८५७ची, म्हणजे हॉर्नबीच्या कितीतरी आधी. त्याच धर्तीवर कोणत्या नामाला कोणते शब्दयोगी अव्यय आणि कोणते वाक्य लागते, याची एक वही मी करत आलो आहे. ‘सापाची भीती’, ‘साप चावेल ही भीती’, ‘साप चावण्याची भीती’ तिन्ही चालतात. ‘त्याच्यावर विश्वास’, ‘तो येईल हा विश्वास’ चालतात, ‘तो येण्याचा विश्वास’ कानाला खटकतो. ‘त्याच्याबद्दल आदर’ चालतो, पण ‘तो आला हा आदर’ मुळीच नाही. ‘राग’ या शब्दापाशी सध्या थांबलो आहे. त्याचा राग, त्याच्यावर राग, तो आला याचा राग, तो आल्याचा राग. यांतला पहिला राग नेमका कोणाचा, त्याला आलेला की त्याच्याविषयी आपल्याला आलेला, हे अजून वहीत लिहायचे आहे.